आकाशनौकेचा परवाना

जावई बोलत नाही, ही तक्रार नोंदवून घेणारं खातं अजून कुठल्याही सरकारने उघडलेलं नाही. जावई पितो, जावई उधळ्या आहे, असं काही असतं तर निदान चार माणसं हळहळतात. पण 'बोलत नाही' म्हटलं की लोक उलट पाठीवर थाप मारून म्हणतात, "नशीबवान आहात!" त्यामुळे नामंजूरसाहेबांचं दुःख म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता.

नामंजूरसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या दावे विभागात सगळी हयात नोकरी करत आल्यामुळे सहकाऱ्यांनी दिलेली ती पदवी होती. तोंडावर नुसतं 'साहेब' आणि पाठ फिरली की पूर्ण नाव. कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, की साहेब चष्मा कपाळावर चढवत, पॉलिसीच्या मागचं मुंगीच्या पायाएवढं अक्षर नाकाशी धरत आणि शांतपणे सांगत, "यात वादळ आहे. पण वादळाने उडून आलेलं शेजाऱ्याचं छप्पर नाही." माणूस रडकुंडीला येई. साहेबांचा आवाज मात्र कधी चढत नसे. नियम आपल्या बाजूला असला की आवाज चढवावा लागत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

असा माणूस दर रविवारी दुपारी आपल्याच बैठकीच्या खोलीत हतबल होऊन बसायचा. लेक-जावई जेवायला येत. जेवण झालं की लेक आईबरोबर स्वयंपाकघरात गुडुप. उरत ते दोघे. सासरे खुर्चीत, जावई कोचावर, आणि मध्ये एक टीपॉय.

"काय, कामाचं कसं काय?"

"हं."

"या आठवड्यात उकाडा जरा जास्तच आहे, नाही?"

"हं."

साहेबांच्या पत्नीला आजूबाजूचे सगळे वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. त्या एका रविवारी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्याला प्रश्न विचारता की जबानी घेता? जरा प्रेमाने बोला की."

"प्रेमानेच विचारलं, उकाडा आहे का म्हणून!"

मग लेकीने खरी गोष्ट सांगितली. नवरा तिच्याशी पुष्कळ बोलतो. मित्रांशी तर थांबतच नाही. फक्त त्याच्या आवडीचा विषय निघायला हवा. आणि ती आवड म्हणजे एक खेळ. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, कुणी चोर, कुणी कारागीर. आपलं पात्र काय करतं ते ज्याचं त्याने सांगायचं. ते जमलं की फसलं हे फासे टाकून ठरतं. त्यातही याला वेड वाफेच्या जगाचं. तिथे वीज नाही, पेट्रोल नाही, सगळं वाफेवर. पितळेची माणसं, किल्ली दिलेले घोडे, बॉयलर लावलेली उडती जहाजं. "स्टीमपंक म्हणतात त्याला, बाबा. त्यांचा सूत्रधार बदली होऊन गेला आणि खेळ बंद पडला. तेव्हापासून हा असा झालाय."

"म्हणजे मोठी माणसं बसून 'समजा मी राजा' खेळतात?"

"साधारण तसंच. पण त्याला नियम असतात. जाड जाड पुस्तकं असतात नियमांची."

नियमांची जाड पुस्तकं! साहेबांच्या चेहऱ्यावर दिवा लागला. जगात असा खेळ आहे, त्यात एक माणूस पुस्तक घेऊन बसतो आणि बाकीच्यांना जमलं की नाही ते सांगतो, आणि हे आपल्याला आजवर कुणी कळवलं नाही? हे तर आपण पगार घेऊन करत आलोय!

"मी होतो सूत्रधार," साहेब म्हणाले. "पण त्याला आत्ता सांगायचं नाही. एकदम समोर ठेवू."

इथेच चुकलं. पुस्तकं कुठली घ्यायची हे ज्या एका माणसाला नेमकं ठाऊक होतं, त्यालाच विचारायची सोय साहेबांनी स्वतःच्या हाताने बंद करून टाकली.

खेळांच्या पुस्तकांचं एक दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत निघालं. दुकानदार लांब केसांचा आणि कमालीचा सहनशील होता. साहेबांनी गल्ल्यासमोर उभं राहून सांगितलं, "वाफेचं द्या."

"कुठलं? वाफेचे बरेच आहेत. काहींत नियम जास्त, काहींत वातावरण जास्त."

"वातावरण घरी आहे. नियम द्या."

दुकानदाराने 'काजळीनगर' नावाचं एक पुस्तक काढलं. उशी म्हणून वापरता यावं एवढं जाड. साहेबांनी ते तळहातावर तोललं, मागचं पान उघडून बारीक अक्षर शोधलं, सापडल्यावर समाधानाने मान हलवली आणि ते घेऊन घरी आले. एका पुस्तकात काम झालं म्हणून वहिनींनाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब परत दुकानात हजर.

"यात बासष्टाव्या पानावर लिहिलंय, 'उडत्या जहाजांच्या नियमांसाठी पाहा, आकाशनौका.' पाहिलं. आकाशनौका यात कुठेच नाही."

"ते वेगळं सोर्सबुक आहे ना. म्हणजे पुरवणी. काजळीनगर हे मूळ पुस्तक. मग तुम्हाला जे खेळायचं असेल त्याच्या पुरवण्या. गटारांतून खेळायचं असेल तर 'भुयारं', पितळी माणसं हवी असतील तर 'किल्लीवाले'. आणि सूत्रधाराचा पडदा घेतलात का?"

"पडदा?"

तो पडदा म्हणजे तीन घड्यांचा पुठ्ठा निघाला. सूत्रधाराने तो उभा करायचा आणि त्याच्या आड बसून फासे टाकायचे, म्हणजे बाकीच्यांना काय पडलं ते दिसत नाही. साहेबांना ही कल्पना अतिशय पसंत पडली. दावे विभागात असे पडदे असते तर कितीतरी कटकटी वाचल्या असत्या! त्यांनी 'भुयारं', 'किल्लीवाले' आणि पडदा असं सगळं उचललं. घरी वहिनींनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "खोका कुठाय याचा?"

'आकाशनौका' मात्र दुकानात नव्हतं. छापून संपलं होतं. ते परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवावं लागलं, आणि ते येईपर्यंतच्या काळात ही बातमी इमारतीत फुटली.

समोरच्या घरात इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक राहत. निवृत्त प्राध्यापकाला श्रोता मिळणं आणि भुकेल्या बोक्याला दुधाचं पातेलं उघडं सापडणं यात फारसा फरक नाही. ते संध्याकाळी चपला घालूनच आत आले.

"वाफेचं युग म्हणे? कोळशाचं काय केलंय?"

"कोळशाचं?"

"वाफ काय हवेतून येते? कोळसा कुठल्या खाणीतला, कुणाच्या मालकीचा, वाहून कोण आणतं? कोळशाचा विचार न करता वाफेचं जग उभं करणं म्हणजे पाया न खणता गच्ची बांधणं!"

त्यांनी जाताना खाणकामाच्या इतिहासाचा एक ग्रंथ बळेच हातात कोंबला आणि "रविवारी मी येतोच" असं सांगून टाकलं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई जिन्यात भेटल्या. त्या शिकत असताना असले खेळ खेळल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुस्तकं कशाला हवीत एवढी? वाटेल ते सांगायचं ठोकून!" साहेबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बाईंनी भूल न देता दाढ काढा म्हटलं होतं.

वाट पाहता पाहता साहेबांनी आहेत ती पुस्तकं वाचायला घेतली. गोष्टीची पानं, नकाशे, धुक्यात उभ्या मनोऱ्यांची चित्रं त्यांनी भराभर उलटली. तक्ते आले की थांबले. रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. मूळ पुस्तकात पितळी माणसाला किल्ली रोज द्यावी लागते आणि 'किल्लीवाले'मध्ये दिवसाआड, ही विसंगती सापडली तेव्हा त्यांना झालेला आनंद लेकीच्या लग्नातही झाला नव्हता. त्यांनी प्रकाशकाला रीतसर पत्र धाडलं : सदर दोन तरतुदींपैकी कोणती ग्राह्य धरावी, कृपया कळवावे.

उत्तर आलं, "जी आवडेल ती! मजा करा!"

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग वहिनींना वाचून दाखवलं. "हे उत्तर आहे? मी कुणाला असं उत्तर दिलं असतं तर? 'तुमची मोटार झाडावर आदळली, मजा करा'?"

"मग करा की मजा," वहिनी म्हणाल्या. आपल्या घरातच फितुरी आहे हे साहेबांना त्या दिवशी कळलं.

अखेर पार्सल आलं. म्हणजे घरी नाही आलं, परदेशी टपालाच्या तपासणी कार्यालयात येऊन अडकलं. साहेब रजा टाकून तिथे गेले. लांब खोली, पंखे मंद, काचेच्या आड एक अधिकारी. त्याचा चष्मा कपाळावर चढवलेला. साहेबांना आरशात पाहिल्यासारखं वाटलं, आणि तो अनुभव काही सुखाचा नव्हता.

"पार्सलमध्ये काय आहे?"

"पुस्तक."

अधिकाऱ्याने पार्सल कानाशी धरून हलवलं. आतून खुळखुळ असा आवाज आला.

"पुस्तक खुळखुळत नाही."

"बरोबर फासे पाठवले असतील. भेट म्हणून."

"म्हणजे जुगार."

"जुगार नव्हे हो! गोष्टीचा खेळ आहे. जावयासाठी."

"म्हणजे खेळणं. खेळण्याला सुरक्षेचा दाखला लागतो. किती वर्षांपुढील मुलांसाठी?"

"जावई बत्तीस वर्षांचा आहे."

अधिकाऱ्याने पार्सल फोडलं. वीस बाजूंचा एक फासा टेबलावरून घरंगळत गेला. त्याने पुस्तक मधोमध उघडलं आणि नेमकं 'बॉयलरचा हेतुपुरस्सर स्फोट' हे प्रकरण उघडलं. खाली आकृती, आकृतीत बाण. अधिकारी हळूहळू खुर्चीतून उठला.

"हे जहाज तुमचं आहे?"

"ते अस्तित्वातच नाही!"

"तसं लिहून द्या."

सगळ्या हयातीत साहेबांनी लोकांकडून काय काय लिहून घेतलं होतं! म्हैस आपलीच होती असं, जिना आपण होऊन पडला असं. पण काचेच्या या बाजूला उभं राहून, दोरीने बांधलेल्या पेनने काही लिहून देण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. अधिकारी मजकूर सांगत गेला आणि साहेब लिहीत गेले : 'प्रस्तुत जहाज काल्पनिक असून ते उडत नाही. उडाल्यास होणाऱ्या नुकसानीची सर्व जबाबदारी अर्जदाराची राहील.' सही करताना त्यांचं पेन मध्येच अडलं. अपमानाने नव्हे. मजकुरात एक मोठी पळवाट राहिली होती आणि ती दाखवून द्यायचा मोह आवरत नव्हता.

एवढ्यावर पुस्तक मिळालं असतं तर ते कार्यालय कसलं? "वरिष्ठांनी तपासायला हवं," अधिकारी म्हणाला. पुढच्या खेपेला साहेब गेले तेव्हा पुस्तक वरिष्ठांच्या घरी होतं. "तपासणी चालू आहे. ते निम्म्यापर्यंत आलेत." त्याच्या पुढच्या खेपेला ते मिळालं. हवेतल्या बंडाळीच्या प्रकरणावर कपाच्या बुडाचा गोल डाग होता आणि समासात पेन्सिलने लिहिलं होतं, 'कप्तान मूर्ख आहे.'

साहेब ते पुस्तक छातीशी धरून घरी आले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "लेकीला दवाखान्यातून घरी आणलंत तेव्हाही असं धरलं नव्हतंत हो."

रविवार उजाडला. जेवणं उरकली. साहेबांनी टेबल मोकळं केलं, त्यावर पडदा उभा केला, पडद्यामागे चारही पुस्तकं पट्ट्या फडकवत मांडली आणि जावयाला म्हणाले, "या. बसा."

जावयाने पडद्याकडे पाहिलं. मग पुस्तकांकडे. मग सासऱ्यांकडे. त्याचे डोळे मोठे झाले आणि तो म्हणाला, "ओहो."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी साहेबांना खूण केली. एकाची दोन अक्षरं झाली होती. प्रगती होती.

प्रत्येकाने पात्र घेतलं. जावई जहाजाचा यंत्रकार झाला. लेक चोरटा माल नेणारी झाली. प्राध्यापक कोळशाचे कंत्राटदार झाले, त्यांना दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. एक जागा रिकामी होती म्हणून वहिनींना ओढून बसवलं. त्या म्हणाल्या, "मी आचारी. मला दुसरं काय येतंय?" आणि त्यांनी मटार सोलायला घेतले.

साहेबांनी घसा साफ केला. "काजळीनगरच्या मनोऱ्याला एक आकाशनौका बांधलेली आहे. सकाळची वेळ. धुकं."

"आम्ही निघतो," लेक म्हणाली.

"कसे निघता?"

"म्हणजे? जहाजात बसून."

"उड्डाणाचा परवाना कुठाय? आकाशनौका, पान एकोणीस. 'मनोरा सोडण्यापूर्वी परवाना आवश्यक.' परवाना देणारा कारकून मनोऱ्याच्या तळाशी बसतो."

लेक तळाशी गेली. कारकून जेवायला गेला होता. तो आला तर बॉयलरच्या तपासणीचा दाखला मागू लागला. दाखल्यासाठी तपासनीस हवा. तपासनीस येतो की नाही यासाठी फासा टाकला, तो आला नाही. मग कोळशाच्या वजनाचा प्रश्न निघाला. प्राध्यापकांनी कोळशाच्या जातींवर असं काही भाषण दिलं की वहिनींचे मटार सोलून संपले. चहा झाला. उन्हं कलली. जहाज जिथल्या तिथे बांधलेलं. साहेब पडद्याआड अत्यंत खुशीत होते. एकही नियम सुटलेला नव्हता.

जावई इतका वेळ गप्प होता. पण ते नेहमीचं गप्प बसणं नव्हतं. झाकणाखाली काहीतरी रटरटत होतं. आणि साहेबांनी जेव्हा जहाजाच्या वजनाचा तक्ता काढून "तीनच माणसांची परवानगी आहे, आचारी चालणार नाही" असं म्हटलं, तेव्हा झाकण उडालं.

"तो नियम असा नाहीये!"

सगळे दचकले. प्राध्यापकांचा कप बशीत वाजला.

"काय?" साहेब म्हणाले.

"तो तक्ता मालवाहू नौकांचा आहे! तुम्ही प्रवासी नौकेला मालवाहू तक्ता लावताय! आणि तपासनीस आला नाही तर यंत्रकाराला स्वतः तपासता येतं, पान चव्वेचाळीस, खाली, चौकटीत! मी यंत्रकार आहे! दोन तास झाले, मी इथे यंत्रकार म्हणून बसलोय आणि तुम्ही मला एका चाकाला हात लावू दिला नाही!"

"ती चौकट उदाहरणादाखल आहे. उदाहरण म्हणजे नियम नव्हे."

"चौकटीतलं ग्राह्यच असतं! प्रस्तावनेत लिहिलंय! प्रस्तावना वाचलीत?"

साहेबांनी प्रस्तावना वाचली नव्हती. कुणीच वाचत नाही. पण सगळ्या हयातीत, लोकांच्या शिव्याशाप झेलताना, 'तुम्ही कागद नीट वाचला नाहीत' असं त्यांना कुणीही म्हटलेलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. ज्या माणसाचा आवाज कधी चढत नसे, तो उभा राहून ओरडला, "मला नियम शिकवू नका!"

"शिकवायलाच हवेत!" जावईही उभा.

लेकीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. प्राध्यापक आयुष्यात प्रथमच श्रोते झाले होते आणि त्यांना ते आवडत असावं. पुस्तकं इकडून तिकडे ओढली जात होती. 'किल्लीवाले'ची एक पट्टी जावयाच्या बाहीला चिकटली होती. पानांचे आकडे गोळ्यांसारखे सुटत होते. इतक्यात वहिनींनी मटाराचं ताट बाजूला सरकवलं आणि शांतपणे सांगितलं :

"मी दोर कापला."

"काय?" दोघेही एकदम.

"जहाजाचा दोर. सकाळपासून त्या कारकुनाची वाट बघतोय. माझ्याजवळ सुरी आहेच, मी आचारी आहे ना. कापला. आता काय ते बघा."

साहेब खाली बसले. त्यांनी 'आकाशनौका'ची अनुक्रमणिका पाहिली. दोर नव्हता. मूळ पुस्तक पाहिलं. सूची पाहिली. परवाना न घेता, तपासणी न होता, आचाऱ्याने दोर कापला तर काय होतं, हे लिहून ठेवायचं एकाही पुस्तकाला सुचलेलं नव्हतं. 'भुयारं' उघडायला गेले तर कोपर लागून पडदा आडवा झाला, आणि साहेब सगळ्यांना अख्खे दिसायला लागले. चार पुस्तकांच्या मध्ये, चष्मा कपाळावर.

"मग?" जावयाने विचारलं. तो अजून धापा टाकत होता, पण आता पुढे वाकून बसला होता. "काय झालं मग?"

साहेबांनी पुस्तक मिटलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "नौका एका अंगाला कलली."

"का?"

"दोर एकाच बाजूचा कापलाय. दुसऱ्या बाजूचा तसाच आहे. त्यामुळे आचाऱ्याचं सगळं स्वयंपाकघर घसरत गेलं. चुलीवरचं मोठं पातेलं थेट खाली. मनोऱ्याच्या तळाशी परवान्याचा कारकून नुकताच जेवून आला होता. पातेलं त्याच्या टेबलावर पडलं. टेबल वाचलं. शिक्का गेला."

लेक खुदकन हसली. साहेब सांगत गेले. दुसरा दोर तुटला तो मनोऱ्याचा कठडा घेऊनच. कठडा लटकत निघाला तो एका न्हाणीघराच्या पत्र्यात अडकला. पत्रा वर गेला. खाली एक गृहस्थ, अंगभर साबण. त्याने वर पाहिलं आणि पत्रा आपलाच आहे हे ओळखून, तसाच, त्याचा कोपरा धरला.

"मग तोही वर आला?" प्राध्यापकांनी विचारलं. कोळसा ते साफ विसरले होते.

"आला. साबणाचा माणूस किती वेळ लटकणार? यंत्रकार, काय करता?"

जावई बोलायला लागला. बॉयलरची झडप उघडतो, नाही, उघडत नाही, वाफ कमी झाली तर नौका शाळेवर बसेल, आधी त्याला साखळी टाकतो, पण साखळी तापलेली असणार... तो हातवारे करत होता. तो थांबतच नव्हता. साहेब मध्येच एखादी आपत्ती टाकत होते, आणि त्यांच्याजवळ आपत्तींना तोटा नव्हता. आजवर नाकारलेलं प्रत्येक छप्पर, फुटलेली प्रत्येक टाकी, बेकरीच्या भट्टीत शिरलेलं गाढव, गच्चीवरून निसटलेली गादी आणि गादीखाली सापडलेला पोस्टमन, सगळं त्यांच्या डोक्यात फायली लावून ठेवलेलं होतं. त्यातली एकही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलीच नव्हती.

नौका अंधार पडायच्या बेताला तळ्यात उतरली. म्हणजे पडली.

जाताना जावई दारात चपला घालता घालता थांबला. "तुम्ही नियम फार चुकीचे लावता," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "पण सांगता मस्त. पुढच्या रविवारी येतोच."

दार लागलं. साहेब तिथेच उभे.

"बघा, मस्त म्हणाला," वहिनी म्हणाल्या.

"चुकीचे लावतो? मी?"

"पुढच्या रविवारी येतोय म्हणाला की."

"ते ऐकलं मी. पण चुकीचे? मी?"

सोमवारी साहेब कार्यालयात गेले ते घुश्शातच. पहिलाच दावा एका शिंप्याचा. शिलाईचं यंत्र जिन्यावरून पडून मोडलं, अपघात, भरपाई मिळावी. साहेबांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर चढवला, बारीक अक्षर शोधलं. नेहमीप्रमाणे 'यात जिना नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"बसा. कसं पडलं?"

शिंपी गोंधळला. आजवर या टेबलासमोर कुणाला खुर्ची मिळालेली नव्हती. तो खुर्चीच्या कडेला टेकला. "म्हणजे, साहेब, जिन्यावरून..."

"ते लिहिलंय. त्याच्या आधी काय झालं? यंत्र जिन्यापर्यंत गेलं कसं?"

शिंप्याने इकडेतिकडे पाहिलं. मग सांगायला लागला. मेव्हणा आला होता. मेव्हण्याने कोटाच्या बाह्यांवरून टोमणा मारला. शब्दाने शब्द वाढला. "मग?" साहेबांनी विचारलं. मग मेव्हणा म्हणाला, हे यंत्र माझ्या बहिणीच्या माहेरचं आहे. "मग?" साहेब पुढे वाकले. मग शिंपी म्हणाला, घेऊन जा तुझ्या बहिणीच्या माहेरचं, आणि रागाच्या भरात त्याने यंत्राला अशी लाथ घातली की ते दारातून बाहेर, पहिल्या पायरीवर, दुसऱ्या पायरीवर, आणि वर येत असलेल्या सासूबाईंनी ते पाहून जी उडी मारली, साहेब, या वयात, कठड्यावरून! इथे शिंपी स्वतःच हसायला लागला. साहेबही हसले. शेजारच्या टेबलावरचा कारकून लेखणी खाली ठेवून पाहत राहिला, कारण साहेबांचे दात त्याने आजवर पाहिले नव्हते.

"म्हणजे लाथ तुम्हीच मारलीत," साहेब डोळे पुसत म्हणाले.

"हो ना!"

"मग नामंजूर."

"तर काय!" शिंप्याने साहेबांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. "घरात कुणी पूर्ण ऐकूनच घेतलं नव्हतं, साहेब. बरं वाटलं." आणि तो हसतच बाहेर गेला. बाहेर बाकावर बसलेल्यांना त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण दुपारपर्यंत इतर दोन टेबलं ओस पडली आणि साहेबांच्या टेबलापुढची रांग दारातून जिन्यापर्यंत गेली. प्रत्येक जण बसला, सगळं सांगितलं, नको ते कबूल केलं आणि नामंजुरी घेऊन खुशीत घरी गेला. एकाचीही तक्रार आली नाही. साहेब मात्र चिडचिडले होते. जेवणाची सुट्टी केव्हाच उलटून गेली होती, डबा तसाच होता, आणि समोर एक बाई आपली हकिकत सांगत नुकत्याच कुठे विहिरीत पडलेल्या मोटारीपर्यंत पोचल्या होत्या.